मनोरीची संगीत व उत्सवपरंपरा

बृहन्मुंबईच्या वायव्य टोकास, मालाडच्या पश्चिमेस खाडीपलीकडे वसलेल्या मनोरी गावात प्रचलित असलेली लोकगीते, वाद्यवादन व उघड्यावर साजरे होणारे उत्सव यांची परंपरा. मनोरी, गोराई, कुळवे, उत्तन, पाली, चौक, डोंगरी इ. गावांचा जो भूभाग धारावी बेट या नावाने ओळखला जातो, त्याच्या दक्षिण टोकास मनोरी आहे. (मुंबई शहरातील धारावी वस्तीशी या नावाचा संबंध नाही.) मार्व्याच्या धक्क्यावरून तरीने काही मिनिटांत येथे पोहोचता येते, भूमार्गाने मात्र भाईंदर–उत्तन असा मोठा वळसा पडतो. गावात ईस्ट इंडियन ख्रिस्ती व कोळी समाज जुना असून भातशेती, मासेमारी व बागायत हे त्यांचे पिढीजात व्यवसाय होत. १९५७ मध्ये महानगराच्या हद्दीत आल्यानंतरही खाडीच्या आडोशामुळे गावाचे ग्रामीण रूप बराच काळ टिकून राहिले.

मनोरीच्या कलापरंपरेचे वैशिष्ट्य असे, की तिला रंगमंच ठाऊक नव्हता. येथे गायन झाले ते विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर, वाद्ये वाजली ती भाताच्या बांधावर, प्रार्थनेची पदे म्हटली गेली ती पाणंदीवरील क्रुसापुढे आणि नृत्य घडले ते अंगणातील मांडवात किंवा समुद्रकाठच्या वाळूत. प्रत्येक गीतप्रकारास ठराविक जागा आणि ठराविक दिवस होता. त्यामुळे या परंपरेचा इतिहास हा काही अंशी गावच्या जमिनीचा इतिहास ठरतो, आणि तिच्यापुढील आजचे प्रश्नही मुख्यतः जमिनीचेच आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : गुजरातच्या बहादुरशाहाने १५३४ च्या तहान्वये वसई व साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मप्रसारकांनी या भागात चर्चे, मठ व शाळा स्थापिल्या. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या लेण्यावर उभारलेला मठ हे या कालखंडाचे सर्वपरिचित उदाहरण. धर्मांतरित समाजात कोळी, कुणबी, भंडारी इ. जातींचे लोक होते. त्यांनी धर्म बदलला. शेती, होडी आणि मातृभाषा बदलली नाही. चर्चमधून लॅटिन स्तोत्रे व यूरोपीय स्वरमेळाचे शिक्षण मिळाले, तर घरात व शेतात जुनी मराठी गाणी चालू राहिली. चर्चमध्ये व्हायोलिन आणि मांडवात घुमट, अशी ही दुहेरी संगीतव्यवस्था साष्टीत पुढे तीन-चार शतके नांदली.

ओवी या देशी छंदाचा उपयोग धर्मप्रसारकांनीही करून घेतला. गोव्यात फादर टॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. त्याच्याइतके ख्यात नसलेले, परंतु साष्टी-वसईच्या दृष्टीने अधिक जवळचे पुराण म्हणजे फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमाराइंश यांनी ख्रिस्ताच्या दुःखभोगावर रचलेले व १६५९ मध्ये लिस्बन येथे रोमी लिपीत मुद्रित झालेले काव्य. त्याची भाषा स्टीफन्सच्या ग्रंथाप्रमाणे संतवाङ्‌मयाच्या वळणाची नसून उत्तर कोकणच्या बोलीशी नाते सांगणारी आहे. उपवासकाळात हे पुराण मोठ्याने वाचण्याची वा गाण्याची प्रथा मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती कुटुंबांत दीर्घकाळ होती. काव्यगुणांत ते स्टीफन्सच्या बरोबरीचे नाही, असा निर्णय देऊन अनेकदा त्याची बोळवण केली जाते. परंतु सतराव्या शतकात या किनाऱ्यावर कोणती मराठी बोलली व गायिली जात होती, याचा इतका विस्तृत पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

लग्नगीते व लग्नविधी यांच्या बाबतीत साष्टी व गोवा यांच्या इतिहासात एक महत्त्वाचा फरक दिसतो. गोव्याच्या धर्मन्यायपीठाने (इन्क्विझिशन) एप्रिल १७३६ मध्ये विस्तृत जाहीरनामा काढून नवख्रिस्ती लोकांच्या अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली. लग्नप्रसंगी देशी वाद्ये वाजविणे, ओव्या गाणे, हळद लावणे, पानसुपारी वाटणे यांसारख्या गोष्टी तीत निषिद्ध ठरविल्या होत्या. तथापि १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई जिंकली. या मोहिमेत धारावी बेटाच्या ताब्यासाठीही निकराची झुंज झाली होती. म्हणजे जाहीरनाम्यानंतर अवघ्या वर्षभरात साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. त्याची कठोर अंमलबजावणी येथे होण्यास अवसरच उरला नाही, असे अनुमान करता येते. मराठी अमलात यूरोपीय पाद्री बहुतांशी निघून गेले व धर्मकार्य गोव्याच्या देशी पाद्र्यांकडे आले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, तेव्हा येथील ख्रिस्ती समाज आपली लग्नगीते, हळद व मांडव यांसह टिकून होता. मनोरीच्या स्त्रिया आज जी गाणी म्हणतात त्यांतील शब्द बरेचसे अलीकडचे असतील. पण ती म्हणण्याचा प्रघात अखंड राहिला, याचे काही श्रेय या राजकीय उलथापालथीस द्यावे लागेल.

‘ईस्ट इंडियन’ हे समाजनाम त्या मानाने अर्वाचीन आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी व आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्वांत जुन्या प्रजाजनांपैकी आहोत हे सूचित करण्यासाठी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १८८७ मध्ये हे नाव स्वीकारण्यात आले. त्याच वर्षी ‘बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. मूळच्या मुंबईकरांनी स्वतःस पूर्वेकडचे म्हणवून घ्यावे, यात परकीयास विसंगती वाटते व ती दर वेळी समजावून सांगावी लागते. ग्रीअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (१९०५) या समाजाची बोली ‘किरिस्ताव’ या नावाने नोंदली आहे. ‘ळ’ च्या जागी ‘ल’, ‘ण’ च्या जागी ‘न’ आणि पुष्कळदा ‘ड’ च्या जागी ‘र’ हे तिचे सहज कानी येणारे विशेष असून ते कोळी-आगरी बोलींतही आढळतात. त्यामुळे मनोरीच्या ख्रिस्ती व हिंदू कोळ्यांच्या गाण्यांत भाषेच्या आधारे रेषा ओढणे कठीण जाते.

लग्नाचे संगीत : गावच्या संगीताचा मोठा भाग लग्नाशी निगडित आहे. मांडव, उंबराचे पाणी, चर्चमधील विवाह व त्यानंतरचे भोजन-नृत्य असा हा अनेक दिवसांचा सोहळा असे. त्यातील ‘उंबराचे पाणी’ हा विधी संगीताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरातील व वाड्यातील स्त्रिया लुगडी नेसून, डोक्यावर घडे घेऊन वाजतगाजत विहिरीवर जातात. पुढे बँड, मागे गाणाऱ्या बाया, त्यांच्यामागे पुरुषमंडळी व मुले असा क्रम असतो. भरलेले घडे घरी आणून त्या पाण्याने नवऱ्यामुलास वा नवरीस स्नान घालतात. उंबराचा निर्देश येथे कसा आला, याविषयी निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जातात. विहिरीकाठी उंबराचे झाड असे, म्हणून हे नाव पडले, असे सांगण्यात येते. परंतु एवढ्याने समाधान होत नाही. महाराष्ट्रात हिंदूंच्या लग्नमांडवाच्या मुहूर्तमेढीस उंबराची फांदी लावण्याची चाल आहे आणि उंबर हा सर्वत्र सुफलतेशी जोडला गेलेला वृक्ष आहे. धर्मांतरापूर्वीच्या विधीचा हा अवशेष मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

या प्रसंगीची गाणी एक स्त्री उचलते व इतर स्त्रिया धृपद धरतात. चाल बहुधा दोन-तीन स्वरवाक्यांची, ठेका चालण्याच्या गतीशी जुळणारा. वधूची पाठवणी, सासरची चेष्टा, दागिन्यांचे कौतुक, मासळी-भाताचा संसार हे नेहमीचे विषय. नवरानवरीची, त्यांच्या आईबापांची व धर्म-मातापित्यांची नावे ऐनवेळी पदात गुंफली जातात. कुणी हात आखडता घेतला असेल तर तेही गाण्यात येते. म्हणून एकाच गाण्याची दोन लग्नांतील पाठे सारखी नसतात आणि छापील संग्रहांत उतरलेले पद हे त्याचे केवळ एक रूप असते. गाणी उचलणाऱ्या जाणत्या स्त्रीस मानाने बोलावणे जाई. तिच्याकडे शेकडो पदे मुखोद्‌गत असत आणि कोणत्या विधीस कोणते पद म्हणायचे याचा निर्णय तीच करी. पुरुषांचे संगीत जसे वाद्यांवरून व नोटेशनच्या वह्यांवरून शिकले गेले, तसे स्त्रियांचे हे संगीत केवळ सोबत चालत चालत शिकले गेले.

वाद्ये : मांडवातील जुने वाद्य म्हणजे घुमट. मातीच्या मडक्याच्या रुंद तोंडावर कातडे ताणून बसविलेले व मागील लहान तोंड हाताने उघडझाक करून नादाचा चढउतार साधणारे हे वाद्य गोव्यापासून साष्टीपर्यंत आढळते. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घोरपडीस संरक्षण मिळाल्यानंतर बकऱ्याचे कातडे वापरण्याचा पर्याय पुढे आला. त्याचा नाद काहीसा जड व बोथट असल्याची वादकांची तक्रार असते. घुमटाच्या जोडीस ढोल व टाळ्या असत.

यूरोपीय वाद्ये दोन वाटांनी आली. व्हायोलिन हे चर्चमधून आले व चर्चचेच राहिले. ट्रम्पेट, कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, मोठा व लहान ड्रम ही वाद्ये मात्र इंग्रजी पलटणींच्या बँडवरून गावोगावच्या बँडांत उतरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत पलटणींचे व पोलिसांचे बँड सार्वजनिक ठिकाणी वाजू लागले होते. त्यांचे वादनतंत्र पुढे खाजगी बँडांनी उचलले. पितळी वाद्यांचा बँड हा ईस्ट इंडियन लग्नात इतका रुजला, की तो परका असल्याचे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. बँडवाला स्त्रियांच्या गाण्याची चाल ऐकून तीच ट्रम्पेटवर उचलतो, आणि उलट बँडवर ऐकलेली पोल्का वा मार्चची चाल घेऊन स्त्रिया तीवर मराठी शब्द बसवितात. कोणते मूळ व कोणते अनुकरण, हे पुष्कळदा सांगता येत नाही. साष्टीच्या लोकसंगीतास ‘पोर्तुगीज’ असे ढोबळ विशेषण लावण्याची सवय या दृष्टीने टाळावी हे बरे. पलटणीचा बँड तर इंग्रजी अमलातला आहे.

उत्सवांचे वर्षचक्र : संगीताचे दिवस पंचांग, चर्चचे धर्मवर्ष व समुद्र या तिघांनी मिळून ठरविले. पावसाळ्यात मासेमारी बंद व शेतात काम, म्हणून वाद्ये खुंटीवर. नारळी पौर्णिमेस हिंदू कोळी समुद्रास नारळ अर्पण करतात व त्याच सुमारास ख्रिस्ती कोळ्यांच्या होड्यांना पाद्री आशीर्वाद देतात. विधी दोन, पण प्रयोजन एकच.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येणारा आगेरा हा पिकाचा सण गावच्या वर्षातील मोठा दिवस होय. या शब्दाचा संबंध शेतवाचक लॅटिन शब्दाशी जोडला जातो. नव्या भाताची कणसे कापून, त्यांच्या पेंढ्या सजवून बँडच्या वाद्यात मिरवत चर्चमध्ये नेतात. तेथे त्या आशीर्वादित झाल्यावर घरोघर वाटल्या जातात. काही दाणे नव्या तांदळाच्या भातात घालतात, कणीस घरात जपून ठेवतात. गोव्यात कणसांचा हाच सण अनेक ठिकाणी ऑगस्टमध्येच साजरा होतो, तर साष्टीत तो ऑक्टोबरात येतो. याच सुमारास, आश्विनी पौर्णिमेस, कोकणातील हिंदू शेतकरी ‘नव्याची पुनव’ पाळून नवे धान्य देवापुढे ठेवतात व मग खातात. दोन्ही सणांचे दिवस भाताच्या लोंबीने ठरविले आहेत, हे उघड आहे.

आगमनकाळ व उपवासकाळ यांत चर्चच्या नियमानुसार लग्नसोहळे होत नसल्यामुळे नाताळानंतरचे जानेवारी-फेब्रुवारी हे लग्नांचे व फेस्तांचे दिवस. शेजारच्या गोराईचे चर्च तीन राजांच्या नावाचे असून त्यांचा सण ६ जानेवारीस येतो. खाडीच्या दक्षिणेस, मढच्या वाटेवरील एरंगळ येथे समुद्रकाठी सोळाव्या शतकातील संत बोनाव्हेंतुराचे चर्च आहे. तेथे जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरणारी जत्रा ही साष्टीतील उघड्यावरील मेळ्यांत विशेष उल्लेखनीय होय. पूर्वी माणसे होड्यांनी व बैलगाड्यांनी येत, वाळूत चुली मांडून जेवण रांधत आणि सायंकाळपर्यंत गाणेबजावणे चाले. वांद्र्याच्या मोतमाउलीची सप्टेंबरातील जत्रा आकाराने कितीतरी मोठी व सर्वधर्मीयांची. परंतु ती नगराची जत्रा आहे. एरंगळची जत्रा मात्र किनाऱ्यावरील गावांची राहिली आणि तिच्यात सोयरिकींची बोलणीही होत.

उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ‘इंत्रूज’ साजरा होतो. पोर्तुगीज ‘एंत्रुदु’ या शब्दाचे हे रूप आहे. पुरुषांनी स्त्रीवेष घेणे, मुखवटे लावून घरोघर जाणे, गाण्यातून गावच्या मंडळींची थट्टा करणे व भरपेट खाणे हे त्याचे स्वरूप. याच दिवसांच्या आगेमागे हिंदू कोळीवाड्यांत होळी येते व तिच्यातही सोंगे असतात. राखेच्या बुधवारपासून वाद्ये थांबतात व पूर्वी पुराणाच्या ओव्या ऐकू येत. ईस्टरनंतर पुन्हा लग्ने, आणि मे महिन्यात गावातील क्रुसांपुढे संध्याकाळच्या प्रार्थना. १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत मुंबई व साष्टीच्या गावठाणांत असे अनेक क्रूस उभारले गेले. त्यांना फुलांच्या माळा घालून शेजारची घरे एकत्र येतात, व्हायोलिनच्या साथीवर स्तुतिमाला म्हटली जाते आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. या छोट्या मेळाव्यांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मात्र लॅटिन व मराठी पदे एकाच बैठकीत, एकाच कंठातून येत ती येथेच.

आधुनिक काळ : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लॅटिनऐवजी लोकभाषा आली. मुंबईच्या उपनगरांतील बहुतेक ईस्ट इंडियन कुटुंबांची शाळेची भाषा तोवर इंग्रजी झाली होती व चर्चमध्येही इंग्रजीच रुळली. घरची बोली मागे पडली. मनोरी, गोराई, उत्तन व वसई या पट्ट्यात मराठीची उपासना रुजली आणि त्यामुळे गाण्यांची भाषा ऐकणाऱ्यांना परकी झाली नाही. एल्सी बाप्टिस्टा यांनी १९६७ मध्ये या समाजावर इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात चालीरीतींची तपशीलवार नोंद केली. तीत वर्णिलेल्या कित्येक प्रथा त्या वेळी वांद्रे-कुर्ल्यात स्मृतिरूप होऊ लागल्या असल्या, तरी खाडीपलीकडच्या गावांत चालू होत्या.

पुढील काळात प्रश्न उपस्थित झाला तो जमिनीचा. १९८९ मध्ये गोराई येथे मोठे मनोरंजन-उद्यान सुरू झाले. शहरवासीयांच्या दृष्टीने खाडीपलीकडचा प्रदेश हा सुटीतील करमणुकीचा प्रदेश बनला आणि मनोरीच्या किनाऱ्यावर विश्रामगृहे वाढली. २००० नंतरच्या दशकात धारावी बेटावर पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. गावकऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर तो मागे पडला. विरोधाचे मुद्दे शेती, मासेमारी व घरे यांचे होते, संगीताचे नव्हते. तरीही भाताचे शेत नसेल तर आगेऱ्याची मिरवणूक कोठून निघणार, हा प्रश्न त्यात अनुस्यूत होता. शहरातील जुन्या गावठाणांनी (मुंबईत त्यांची संख्या १८९ असल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते) याचा अनुभव आधीच घेतला आहे. तेथे आगेऱ्याची कणसे वसई वा अन्य ग्रामीण भागांतून आणावी लागतात आणि विहिरी बुजल्यामुळे उंबराच्या पाण्याचा विधी कधीकधी नळावर उरकावा लागतो. ध्वनिप्रदूषणविषयक नियमांमुळे (२०००) उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही. त्यामुळे रात्र जागविणाऱ्या मांडवाचे वेळापत्रकही आखडले. हा नियम आवश्यक आहे यात शंका नाही. पण ज्या गाण्यांना ध्वनिवर्धक कधीच लागला नव्हता, तीही त्याबरोबर लवकर आटोपू लागली.

परंपरा जतन करण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकात संघटितपणे सुरू झाले. ‘मोबाई गावठाण पंचायत’ या संस्थेने मनोरीत ईस्ट इंडियन समाजाचे वस्तुसंग्रहालय उभारले असून तेथे लुगडी, दागिने, जाती-पाटे, तांब्यापितळेची भांडी व शेतीची अवजारे मांडलेली आहेत. समाजाच्या मेळाव्यांत उंबराच्या पाण्याची मिरवणूक आता व्यासपीठावरही सादर केली जाते. त्यामुळे तरुण पिढीस गाणी ऐकावयास मिळतात, हा लाभ निश्चित होय. तथापि व्यासपीठावर गाण्याची लांबी ठरवून द्यावी लागते, पदे आधी निवडावी लागतात आणि ऐनवेळी नावे गुंफण्यास कारण उरत नाही. नवरी कुणाची हे ठाऊक नसेल तर चेष्टा कुणाची करणार? मनोरीत मात्र लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड अजूनही घरापासून विहिरीपर्यंत चालत जातो आणि ते अंतर जितके असेल तितकीच गाणी होतात.